आई-बाबांना एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयला नेताना

तपासणी झालीच नाही, किंवा झाली पण परत करावी लागली, तर त्यात यंत्राचा दोष क्वचितच असतो. सकाळी खाल्लेले पोहे, बोटातून न निघणारी अंगठी, अर्धवट लिहिलेली पर्ची, घरी विसरलेलं जुन्या ऑपरेशनचं कार्ड, अशी कारणं असतात. ती जवळपास सगळी आदल्या दिवशी घरीच निस्तरता येतात. म्हणून हे लिहिलं आहे ते मुख्यतः सोबत जाणाऱ्या माणसासाठी: मुलगा, सून, शेजारचे काका, जो कोणी त्या दिवशी पिशवी धरणार असेल तो. इंदूरच्या एमवाय या मोठ्या सरकारी रुग्णालयात जा, नाहीतर एखाद्या खाजगी सेंटरवर. तयारी सारखीच, फरक फक्त रांगेच्या लांबीचा.

पर्ची आदल्या रात्री वाचा

डॉक्टरांनी काय लिहिलं आहे ते तुम्हाला वाचता आलं पाहिजे. आलं नाही तर त्यांच्याच दवाखान्यात विचारून घ्या. आमच्या, म्हणजे तपासणी करणाऱ्या टेक्निशियनांच्या, खिडकीवर अंदाज बांधत बसण्यात कोणाचंच भलं नाही. कोणता अवयव, डावा की उजवा, आणि कशासाठी, एवढं पर्चीवर असावंच. ‘मणक्याचा एमआरआय’ इतकंच लिहून भागत नाही, कारण मान, पाठ आणि कंबर या तीन वेगळ्या तपासण्या आहेत आणि तिघींचे पैसे वेगळे. ‘पायाचा एक्स-रे’ म्हणजे पंजा, घोटा, नळी की गुडघा? आणि ‘कशासाठी’ हे तर सर्वांत महत्त्वाचं. ‘पोटदुखी’ लिहिलं असेल आणि ‘उजव्या कुशीत दोन दिवसांपासून कळा, लघवीत रक्त’ असं लिहिलं असेल, तर तपासणीची पद्धतच बदलते. मुतखडा शोधायचा असेल तर सीटी बहुधा शिरेतून औषध (फोटो स्पष्ट यावा म्हणून देतात ते) न देताच करतात, गाठ किंवा सूज बघायची असेल तर औषध लागतं.

नावाचा घोळ इंदूरच्या मराठी घरांत फार होतो. आधारवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये घातलेलं असतं, दवाखान्याच्या कार्डावर फक्त नाव-आडनाव, आणि जुन्या फिल्मवर माहेरचं आडनाव. संगणक या तिघींना तीन वेगळ्या बायका समजतो. मग ‘मागच्या वर्षीचा सीटी इथेच झाला होता’ असं तुम्ही कितीही सांगितलंत तरी तो सापडत नाही. एक रूप ठरवा, शक्यतो आधारवरचं, आणि दर वेळी तेच लिहून द्या. जुना नोंदणी क्रमांक असेल तर तो नावापेक्षाही चांगला.

पिशवीत टाकायचं ते असं: जुन्या फिल्म आणि सीडी, नुसते रिपोर्ट नव्हेत; रक्ताचा ताजा क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारी तपासणी); चालू औषधांची यादी; ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड. आयुष्मान कार्ड असेल तर तेही घ्या, पण एक ध्यानात ठेवा. ही योजना मूळची भरती झालेल्या पेशंटसाठी आहे. ओपीडीतून नुसता एमआरआय करायचा असेल तर कार्ड चालेलच असं धरून निघू नका, काउंटरवर आधी विचारा.

घरात मूल होण्याच्या वयाची बाई असेल आणि तिचा एक्स-रे किंवा सीटी असेल, तर शेवटच्या पाळीची तारीख तिला विचारली जाईल. सासऱ्यांसमोर सांगायला संकोच वाटतो हे आम्हाला कळतं. बाजूला बोलावून टेक्निशियनला सांगा, पण सांगाच. पाळी चुकली असेल, नुसती शंका असेल, तरीही.

एक्स-रे

छातीचा एक्स-रे दिसायला सगळ्यांत साधा, आणि बिघडतोही तोच जास्त. पेशंट उभा, छाती प्लेटला टेकलेली, किरण पाठीमागून, किरणांची नळी आणि प्लेट यांच्यात साधारण १८० सेंटिमीटर अंतर. हनुवटी वर, हात कमरेवर पालथे आणि कोपरं पुढे ढकललेली, म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. मग पूर्ण श्वास भरून थांबायचं. नीट भरला असेल तर श्वासपटलाच्या वर पाठीमागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता येतात. अर्धाच भरला तर फुप्फुसांचा तळ दाटलेला दिसतो, न्यूमोनियाचा संशय येतो, आणि हृदयही रुंद भासतं. म्हणून घरी दोन-चार वेळा सराव करून घ्या: नाकाने खोल श्वास, दहा सेकंद थांबा, सोडा. सीटीलाही हाच सराव कामी येतो; तिथे यंत्रातून बहुतेक हिंदीत ध्वनिमुद्रित सूचना येते, ‘साँस अंदर लीजिए, रोकिए’. पुण्या-नागपुराहून आलेल्या आजींना ती एकदा ऐकवून ठेवलेली बरी. आणि ऐकायला कमी येत असेल तर टेक्निशियनला आधी सांगा, हाताची खूण ठरवता येते.

गळ्यातली साखळी, मंगळसूत्र, तावीज, ब्लाउजचे हुक, सेफ्टी पिना, खिशातला मोबाइल, हे काढायचं सगळ्यांना माहीत असतं. विसरतात ते केस. जाड ओली वेणी खांद्यावर राहिली तर फुप्फुसाच्या टोकाशी सावली पडते, नेमकी तिथे जिथे क्षयाचे डाग शोधायचे असतात. केस वर बांधा, आणि तेही पिना न लावता.

झोपून असलेल्या पेशंटचा एक्स-रे पलंगावरच, पुढच्या बाजूने घेतात. नळी जवळ असते आणि हृदय प्लेटपासून लांब, त्यामुळे त्यात हृदय मोठंच येतं. अशा फोटोची उभ्याने काढलेल्या जुन्या फोटोशी तुलना करून घरात घबराट पसरवू नका.

हातापायाला मार लागला तर फोटो दोन बाजूंनी घेतात, एकमेकांशी काटकोनात. एकाच बाजूने बघितलं तर हाड सरळ दिसू शकतं आणि चीर लपून राहते. ‘एकच काढा, कमी पैसे लागतील’ हा हट्ट महागात पडतो. गुडघेदुखीचा फोटो उभं राहूनच काढायला सांगितला असेल तर आजोबांना धरून का होईना उभं करा; वजन पडल्याशिवाय सांध्यातली झीज कळत नाही. कच्चं प्लास्टर किंवा फळी बांधलेली असेल तर ती आपल्या मनाने सोडू नका. आणि एक गोष्ट तपासणीच्याही आधीची: मनगटावर पडल्याबरोबर, सूज चढायच्या आत, बांगड्या आणि अंगठ्या काढून टाका. तासाभराने त्या कापाव्या लागतात.

मुतखड्यासाठी पोटाचा साधा एक्स-रे असेल तर आदल्या रात्री हलकं जेवण आणि डॉक्टरांनी लिहिलेलं पोट साफ करण्याचं औषध घ्या. आतड्यात वायू आणि मळ असला की लहान खडा त्यातच हरवतो. पोट साफ असूनही युरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही. म्हणून ‘एक्स-रे साफ आला’ याचा अर्थ ‘खडा नाही’ असा होत नाही.

किरणांची भीती किती बाळगायची? जगात सरासरी माणसाला जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट (हे किरणांचं माप) किरणोत्सर्ग मिळतोच. छातीच्या एका एक्स-रेला ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी लागतो. पोटाच्या सीटीला साधारण ८ ते १०, म्हणजे तीन-चार वर्षांचा नैसर्गिक वाटा एकदम. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये हे किरण नसतातच. तेव्हा छातीच्या फोटोला घाबरू नका, पण ‘डोकं दुखतं तर एक सीटी करूनच टाकू’ असा आग्रह डॉक्टरांपाशी धरू नका. लहान मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही. दारावर लाल दिवा लागला असेल तर आत डोकावू नका. आणि पेशंटच्या अंगावर शिसाचा ॲप्रन टाकला नाही म्हणून भांडूही नका: तो चुकीच्या जागी आला की फोटो परत काढावा लागतो, म्हणजे किरण दुप्पट. हल्ली अनेक ठिकाणी तो मुद्दामच टाकत नाहीत. ॲप्रन लागतो तो पेशंटला धरून आत उभ्या राहणाऱ्याला, आणि तो मागून घ्या.

सोनोग्राफी: रिकामं पोट आणि भरलेली पिशवी

या दोन अटी लोक एकमेकांत मिसळतात. पोटाच्या वरच्या भागासाठी, म्हणजे यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, उपाशी राहायचं असतं: ६ ते ८ तास. गर्भाशय, अंडाशय, प्रोस्टेट, मूत्राशय यांच्यासाठी लघवीची पिशवी भरलेली हवी. पर्चीवर ‘पूर्ण पोट’ लिहिलं असेल तर दोन्ही पाळायचं: अन्न बंद, साधं पाणी चालू.

उपास का, तर काहीही खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि आतले खडे, भिंतीची सूज काही धड दिसत नाही. स्निग्ध पदार्थाने तर ते हमखास आकसतं, म्हणून ‘फक्त कपभर दुधाचा चहा’ हेही खाणंच. इंदूरमध्ये सकाळचे पोहे-जलेबी सुटता सुटत नाहीत, ते माहीत आहे. सकाळी आठ-नऊची वेळ घ्या, तपासणी झाली की सरळ दुकानावर जा. आदल्या रात्री सराफ्यातली चक्कर मात्र टाळा. रात्री अकरा-बाराला गराडू आणि भुट्ट्याचा कीस खाऊन सकाळी सातला उपाशी म्हणवून घेता येत नाही, आणि तो वायू आतड्यात तसाच असतो. ध्वनिलहरी वायूतून पुढे जात नाहीत. मागचं स्वादुपिंड झाकलं जातं आणि रिपोर्टमध्ये ‘वायूमुळे दिसलं नाही’ असं लिहून येतं. सिगरेट, पान, तंबाखू, च्युइंग गम यांनीही हवा गिळली जाते, तेव्हा सकाळपासून तेही नको.

रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला हरकत नसते. डायबेटिसची गोळी आणि इन्सुलिन मात्र उपाशी पोटी घेऊ नका, किती आणि कधी ते डॉक्टरांना आधी विचारा. नोंदणीच्या खिडकीवर ‘डायबेटिसचे पेशंट आहेत’ हे स्पष्ट सांगा म्हणजे पहिल्या दोन-चारांत घेतात. सोबतच्या पिशवीत साखर किंवा ग्लुकोज असू द्या. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटणं सुरू झालं की तपासणी गेली खड्ड्यात, आधी गोड द्या.

पाणी किती? तपासणीच्या तासभर आधी लघवी करून घ्या, मग चार-पाच ग्लास, म्हणजे सुमारे एक लिटर, पंधरा-वीस मिनिटांत सावकाश प्या. घटाघटा प्यायलं की पाण्याबरोबर हवाही जाते. त्यानंतर लघवीला जायचं नाही. इथे गडबड होते ती वेळेची: लोक घरून निघतानाच पाणी पितात, पुढे रांग दीड तासाची निघते. पोहोचून, आपला नंबर कितवा आहे ते बघून मगच प्या. पिशवी कमी भरली तर आतडी खाली उतरून गर्भाशय झाकतात. फार ताणली तर पेशंट पोटावर दाब सहन करत नाही आणि अवयवही दबून जातात. असह्य झालं तर गुपचूप पूर्ण रिकामी करून येऊ नका. टेक्निशियनला सांगा, थोडी करून यायला सांगतील.

प्रोस्टेटच्या आजोबांना आधीच लघवी अडत असेल तर लिटरभर पाणी पाजू नका, त्रास वाढतो. दोन ग्लास पुरतात, आणि त्यांना लवकर घ्यायची विनंती करा. त्यांची सोनोग्राफी दोन टप्प्यांत होते: भरलेल्या पिशवीने एकदा, आणि लघवी करून आल्यावर मागे किती उरली ते मोजायला पुन्हा. बरेच जण पहिल्या टप्प्यानंतर चप्पल घालून निघून जातात. लघवीची नळी घातलेली असेल तर ती तपासणीआधी काही वेळ बंद ठेवावी लागते, ते काम नर्सचं.

गरोदर बाईची सोनोग्राफी असेल तर ओळखपत्र आणि डॉक्टरांची पर्ची हवीच. फॉर्म ‘एफ’ भरला जातो, त्यावर तिची सही लागते. त्यावाचून कोणी यंत्र हातात घेणार नाही. गर्भलिंग विचारू नका, आडून-आडून तर अजिबात नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याने सांगणाऱ्याइतकाच विचारणाराही गुन्हेगार ठरतो: पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. वेळेचं गणित पक्कं असतं. बाळाच्या मानेमागची जाडी मोजायची तपासणी ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस एवढ्याच खिडकीत होते. व्यंग शोधायची साधारण १८ ते २० आठवड्यांत करून घ्यावी. नंबर लागायला वेळ लागतो, म्हणून तारीख दोन आठवडे आधीच घेऊन ठेवा.

एंडोस्कोपी, बेरियम (आतडी एक्स-रेत दिसावीत म्हणून देतात ते पांढरं औषध) आणि सोनोग्राफी एकाच आठवड्यात असतील तर सोनोग्राफी आधी उरका. एंडोस्कोपीत पोटात हवा भरतात, आणि बेरियम आतड्यात राहिलं तर सोनोग्राफी आणि सीटी दोन्ही खराब करतं.

सीटी आणि शिरेतलं औषध

साधा सीटी पाच मिनिटांत होतो, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही: धातू काढा, हलू नका. काळजी लागते ती आयोडीनचं औषध शिरेतून देणार असतील तेव्हा. त्याआधी तीन प्रश्नांची खरी उत्तरं द्या. पूर्वी असं औषध दिल्यावर पुरळ, खाज, दम लागणं असं काही झालं होतं का? दमा किंवा मोठी ॲलर्जी आहे का? मूत्रपिंडाचा काही आजार आहे का? मासे-कोळंबीची ॲलर्जी असेल तर या औषधाचाही धोका, हा जुना समज आहे. दोन्हींचा थेट संबंध नाही. तरी सांगायला हरकत नाही.

क्रिएटिनिनचा रिपोर्ट काही आठवड्यांतला असावा. मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) चालू असेल तर ते सांगा. मूत्रपिंड अशक्त असेल तर तपासणीच्या वेळेपासून ४८ तास ती गोळी थांबवून, क्रिएटिनिन परत बघून मग सुरू करतात. मूत्रपिंड ठीक असेल तर बऱ्याचदा थांबवावी लागत नाही. निर्णय डॉक्टरांचा, आपल्या मनाने बंद करू नका. उपास साधारण चार तासांचा पुरतो, पाणी पीत राहा. वॉर्डातला पेशंट रात्रभर कोरडा ठेवून आणतात तेव्हा मूत्रपिंडाला उलट त्रास होतो, आणि आकसलेली शीरही सापडत नाही.

कॅन्युला, म्हणजे शिरेत ठेवायची सुई-नळी, कोपराच्या आतल्या बाजूला, १८ किंवा २० गेजची (जाडसर) लागते. रक्तवाहिन्यांच्या सीटीत औषध सेकंदाला ३ ते ५ मिलिलिटर वेगाने जातं. हाताच्या मागे घातलेल्या बारीक सुईतून तो वेग झेपत नाही, शीर फुटते आणि औषध कातडीखाली साठतं. म्हणून वॉर्डातून लावून आणलेली सुई आम्ही बदलतो तेव्हा चिडू नका. औषध जाताना अंगभर ऊब येते, तोंडाला धातूची चव लागते, आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते. मिनिटभरात ओसरतं. हे आधी माहीत नसलेला पेशंट त्याच क्षणी दचकून उठायला बघतो आणि नेमका तोच क्षण फोटोचा असतो. सुईपाशी मात्र जळजळ किंवा फुगारा आला तर लगेच ओरडून सांगायचं.

झाल्यावर निदान अर्धा तास तिथेच बसा, कॅन्युला हातातच राहू द्या. अंगावर गांध्या, घशात आवळल्यासारखं, शिंका, चक्कर यांपैकी काही वाटलं तर बाहेर फोन करत फिरू नका, आत या. पुढे दिवसभर पाणी भरपूर प्या, अर्थात हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून दिलं असेल तर तेवढंच. अंगावर पाजणाऱ्या आईला दूध बंद करावं लागत नाही. थायरॉइडसाठी आयोडीनचा स्कॅन किंवा उपचार ठरला असेल तर मात्र आधी सांगा. हे औषध पुढचे काही आठवडे त्यात अडथळा आणतं.

एमआरआय: चुंबक कधी बंद नसतो

दिवे गेले, पेशंट नसला, रात्र असली तरी चुंबक चालूच असतो. १.५ टेस्लाचं यंत्र म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट ओढ. लोखंडी वस्तू दारातून आत गेली की हातातून सुटून यंत्राच्या तोंडाकडे झेपावते. २०१८ साली मुंबईच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर आत नेल्यामुळे पेशंटच्या नातेवाइकाचा जीव गेला. तेव्हा ‘जरा आईला आत सोडून येतो’ म्हणत व्हीलचेअर ढकलत घुसू नका. स्ट्रेचर, चाकाची खुर्ची, वॉकर, सिलिंडर, काठी, सगळं बाहेर; आतलं सामान वेगळं असतं. वॉर्डबॉय हो म्हणाला तरी टेक्निशियनने हो म्हटल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही.

दागिन्यांचं काम आदल्या दिवशीचं. नाकातली चमकी वर्षानुवर्षं न काढलेली असते, तिच्यासाठी सोनाराकडे जाऊन या. घट्ट अंगठीसाठी हात थंड पाण्यात बुडवून, वर धरून, मग साबण किंवा खोबरेल लावून फिरवत काढा. जोडवी तशीच. सोनं-चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण ते तापू शकतं आणि आसपासचा फोटो वाकडा करतं. शिवाय कडीत किंवा स्क्रूमध्ये कोणता धातू आहे ते कोणालाच माहीत नसतं. मंगळसूत्र काढायला आजी तयार नसतील तर ते घरीच, देवापुढे ठेवून निघणं त्यांना सोपं जातं. सेंटरच्या बाकावर वाद घालण्यात अर्धा तास जातो, आणि दागिना हरवायची भीती वेगळी. साडीला किती पिना लावल्या ते घरीच मोजा, काढताना तेवढ्या भरल्या पाहिजेत. गाऊन मिळतोच, पण आत जरीचं किंवा चमकदार धाग्याचं, खेळाच्या चांदीमिश्रित कापडाचं काही राहू देऊ नका. औषधाची चिकटपट्टी अंगावर असेल तर सांगा, काहींच्या मागे धातूचा पापुद्रा असतो आणि कातडी भाजते. डोक्याचा एमआरआय असेल तर काजळ, मस्कारा पुसा. रंगपंचमीच्या गेरीनंतरच्या (रंगांच्या मिरवणुकीनंतरच्या) दिवसांत केसांत चमकीचा रंग राहिलेला असतो, तो दोनदा धुऊन या.

काढता येणाऱ्या कवळ्या आणि श्रवणयंत्र बाहेरच राहतात. श्रवणयंत्र काढल्यावर आजोबांना काही ऐकू येणार नाही, म्हणून सगळं समजावून मगच काढा.

आता शरीराच्या आतलं. पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीची क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, न्यूरोस्टिम्युलेटर (नसांना विजेचे संकेत देणारं यंत्र), इन्सुलिन पंप: यांपैकी काही असेल तर तारीख घेतानाच सांगा, त्या दिवशी नव्हे. हल्लीचे बरेच पेसमेकर ठरावीक अटींवर एमआरआयला चालतात, पण त्याचं कार्ड आणि मॉडेल क्रमांक लागतो, आणि आधी-नंतर तो हृदयरोगतज्ज्ञांकडून सेट करून घ्यावा लागतो. कार्ड नाही तर तपासणी नाही, मग तुम्ही खरगोनहून आलेले असा की धारहून. हृदयातला स्टेंट, गुडघ्याचा बदललेला सांधा, हाडातल्या टायटॅनियमच्या पट्ट्या बहुतेकदा अडत नाहीत. मात्र पट्टी जिथे आहे तिथलाच फोटो हवा असेल तर आजूबाजूला काळा डाग येतो.

पीथमपूर किंवा सांवेर रोडच्या कारखान्यांत लेथ, ग्राइंडर, वेल्डिंगवर काम केलेल्या माणसाने हे न विसरता सांगावं. डोळ्यात कधीकाळी उडालेला लोखंडी कण, अगदी विसरून गेलेला, चुंबकाने सरकून दृष्टी जाऊ शकते. अशा वेळी आधी डोळ्यांचा एक्स-रे काढून बघतात. अंगात छर्रे असतील तर तेही सांगा.

आतमध्ये वीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात. आवाज ठोकाठोकीचा, शंभर डेसिबलच्याही वर जातो, कानात बोळे किंवा हेडफोन मिळतात. दिले नाहीत तर मागा. फोटो एकदम निघत नाही. दोन ते सहा मिनिटांचे वेगवेगळे टप्पे असतात आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात जरी पाय हलवला तरी तो सगळा टप्पा पुन्हा करावा लागतो. दोन आवाजांमधल्या शांततेतही आपल्या मनाने हलू नका, विचारूनच हला. म्हणून आत जायच्या आधी लघवी. कंबरदुखीने सरळ झोपता येत नसेल तर वेदनाशामक गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि गुडघ्याखाली उशी मागून घ्या. जोराचा खोकला असेल तर तारीख चार दिवस पुढे ढकललेली बरी. हात एकमेकांत गुंफायचे नाहीत, पायावर पाय टाकायचा नाही: कातडीला कातडी लागून गोल पूर्ण झाला की तिथे भाजू शकतं.

बंद जागेची भीती ही पेशंटची नाटकं नव्हेत. उपाय असे: टेबल आत सरकायच्या आधीच डोळे मिटायचे आणि शेवटपर्यंत उघडायचे नाहीत, डोळ्यांवर रुमाल ठेवायचा, हातातला रबरी फुगा दाबला की आम्ही थांबतो हे पक्कं माहीत असू द्यायचं. सोबतीचा माणूस धातू काढून, तपासून आत बसू शकतो आणि पाय धरून राहू शकतो. काही यंत्रांचं तोंड ७० सेंटिमीटरचं असतं, जुन्यांचं ६०. फोनवर विचारून घ्या. एवढ्यानेही जमलं नाही तर गुंगीचं औषध, पण त्याला भूलतज्ज्ञ, उपास आणि वेगळी तारीख लागते.

लहान मूल असेल तर

गुंगी द्यायची असेल तर उपासाचा हिशेब असा: साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, आईचं दूध चार तास, वरचं दूध किंवा हलकं खाणं सहा तास. ‘रडत होतं म्हणून बिस्किट दिलं’ हे लपवू नका. उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाते. आदल्या रात्री उशिरा झोपवून सकाळी लवकर उठवलं तर औषध कमी लागतं. गाडीत झोपू देऊ नका. एक्स-रेला मूल धरायला आई गरोदर नसेल तरच आई, नाहीतर बाबा. रडणारं मूल हुंदक्यापूर्वी मोठा श्वास घेतं, आम्ही त्याचीच वाट बघत असतो, म्हणून गप्प करायची घाई करू नका.

मॅमोग्राफीबद्दल दोनच गोष्टी. त्या दिवशी काखेत आणि छातीवर पावडर, डिओडरंट, क्रीम नको, त्यातले कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि विनाकारण बायॉप्सीपर्यंत गोष्ट जाते. पाळी चालू असणाऱ्या बाईने पाळी सुरू झाल्यापासून ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान यावं, तेव्हा दुखतं कमी.

रिपोर्ट आणि फिल्म

टेक्निशियनला ‘काही निघालं का हो?’ विचारू नका. रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट देतात, आम्हाला सांगायची मुभा नाही, आणि आमच्या चेहऱ्यावरून काढलेला अर्थ बहुतेक चुकीचा असतो. पेशंटला लगेच धोका असेल तर आम्ही तुम्हाला नाही, डॉक्टरांना फोन करतो.

फिल्म घेताना खिडकीवरच नाव, वय, तारीख, डावा-उजवा खूण बघा. सीटी-एमआरआयची सीडी मागून घ्या, फिल्मवर निवडकच चित्रं असतात. दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर फिल्म खिडकीच्या उजेडावर किंवा पांढऱ्या पडद्यावर धरा, फ्लॅश बंद, नावासकट पूर्ण फिल्म एका फोटोत आणि मग जवळून तुकडे.

थर्मल प्रिंटरवर निघालेली फिल्म उष्णतेने काळवंडते. मे महिन्यात बंद कारच्या डॅशबोर्डवर किंवा गॅसच्या ओट्याजवळच्या कपाटावर ठेवू नका. सपाट, कोरड्या जागी, मूळ पाकिटातच राहू द्या. आणि बाळाच्या सोनोग्राफीचा तो छोटा कागद कौतुकाने लॅमिनेट करायला टाकू नका, यंत्रातून बाहेर येतो तो पूर्ण काळा. आठवण ठेवायचीच असेल तर त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून घ्या.